व्यासंग आणि अडम् तडम्

साहित्याचे अध्यापन आणि बालकवितेचे लेखन एकाच व्यक्तीच्या हातून झाले, की समीक्षा पहिल्याला व्यासंग म्हणते आणि दुसऱ्याला विरंगुळा. गोविंद विनायक ऊर्फ विंदा करंदीकर (१९१८–२०१०) यांच्याबाबतीत ही वाटणी सोयीची असली, तरी टिकणारी नाही. रत्नागिरीत आणि पुढे मुंबईच्या महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या विंदांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र १९५७ साली मराठीत आणले, आणि १९६१ साली त्यांची ‘राणीची बाग’ मुलांच्या हाती पडली. ही चार वर्षे योगायोगाची मानली, तरी त्या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणातील काव्याच्या उगमाची मीमांसा थेट बालकवितेच्या उंबऱ्याशी येते. काव्य माणसाच्या उपजत प्रवृत्तींतून जन्मते, असे ॲरिस्टॉटल मानतो: एक अनुकृतीची, म्हणजे पाहिलेल्या गोष्टीची नक्कल करून तिच्यात रमण्याची, आणि दुसरी लयतालाची. यांतली अनुकृती बालपणापासूनच माणसात असते आणि त्याचे पहिले शिक्षण तिच्यामार्फतच होते. असे असताना पाठ्यक्रमात शोकात्मिकेला मानाचे पान मिळते आणि काठीचा घोडा करणाऱ्या मुलाची कविता शिशुवर्गाकडे सोपवली जाते, हे जरा गमतीचेच आहे.

लयीचे भान विंदांच्या बालकवितेत किती मुरलेले आहे, हे संग्रहांच्या नावांवरूनही दिसते. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेचे माप, ज्यात ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घ अक्षराची दोन धरतात. ‘सशाचे कान’ (१९६३) या नावाच्या मात्रा मोजल्या, तर एक, दोन, दोन, दोन, एक अशा आठ भरतात, म्हणजे टाळीला सहज बसणारे एक आवर्तन होते. शिवाय ती मोजणी सुलट केली काय किंवा शेवटाकडून उलट केली काय, सारखीच येते. ‘परी ग परी’ (१९६५) तीन, एक, तीन अशा झोक्यावर हलते. ‘अडम् तडम्’ (१९८५) हे नाव तर, राज्य कोणावर येणार हे ठरवताना मुले ज्या शब्दांनी गडी मोजतात, त्या शब्दांतूनच उचललेले आहे. त्या शब्दांना अर्थ नसतो, पण त्यांचा निकाल कोणी मोडत नाही, कारण तेथे अधिकार लयीचा असतो. आणि छंदःशास्त्र शिकवणाऱ्याला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

विंदांच्या बालकवितेत उपदेश जवळजवळ नाही. मराठी बालवाङ्मयाला शहाणपणा शिकवण्याची खोड जुनी आहे. विंदा त्याऐवजी ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) वसवतात आणि ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ (१९८१) मध्ये भयालाच घरचे नाते लावतात. भूत मावशीच्या गोतावळ्यातले झाले, की भीती पुरती जात नाही, पण तिच्याशी खेळता येते, आणि मुलाला बहुधा तेवढेच हवे असते.

व्यासंग आणि विरंगुळा यांतली भिंत सर्वांत पातळ दिसते ती १९७४ मध्ये, कारण त्या एकाच वर्षी विंदांचा ‘राजा लिअर’ हा शेक्सपिअरचा अनुवाद आणि ‘अजबखाना’ हा बालकवितासंग्रह प्रसिद्ध झाला. लिअरच्या दरबारातील विदूषक, म्हणजे राजाला हसवण्याच्या मिषाने खरे बोलण्याची मुभा असलेला सेवक, तुटक गाणी आणि कोडी घालतो, आणि ज्या राजाला सरळ शब्द सोसत नाहीत त्याला तो सत्य या वेडगळ यमकांतून ऐकवतो. हे पात्र मराठीत उतरवायचे, तर कोशाइतकाच बडबडगीतांचा कान लागतो. तो कान विंदांकडे तोवर तेरा वर्षे मुलांसाठी लिहून तयार झालेला होता. लिअरचा विदूषक तिसऱ्या अंकानंतर दिसत नाही आणि तो कोठे गेला हे शेक्सपिअर सांगत नाही. विंदांकडे मात्र त्याचे भाऊबंद १९९३ च्या ‘बागुलबोवा’पर्यंत येत राहिले.