मुक्कामी डॉक्टर

डॉक्टरांचं क्वार्टर. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातलं. ओट्याशी तुळस, मागं कपडे वाळत घालायची दोरी. रात्री विंचू चावलेलं पोर घेऊन आलेले लोक थेट इथलीच कडी वाजवायचे. आता बऱ्याच ठिकाणी त्या कडीला कुलूप आहे. भिंतींना ओल, संडासाचं दार निखळलेलं, नळ कोरडा. अशा घरात कुणी संसार थाटावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे. डॉक्टर तालुक्याहून अप-डाऊन करतात आणि मुख्यालयी राहत असल्याचा कागद फाइलला लागतो.

विंचवाचं निघालंच आहे तर सांगतो. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी ते रात्र रात्र बसले, नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं हे रुग्ण वाचतात, हे त्या जागरणातून जगाला कळलं. पाचच्या एसटीनं परतणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

लाल औषधाची बाटली. घरून धुऊन न्यायची. कंपाउंडर तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवायचे, कात्रीनं खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक डोस. बाटली गेली याचं दुःख नाही. कंपाउंडर गावातच म्हातारे व्हायचे आणि कुणाला पेनिसिलीन सोसत नाही हे त्यांना तोंडपाठ असायचं, ते गेलं.

एलसीपीएस डॉक्टर, म्हणजे एमबीबीएसऐवजी कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले. १९४६ च्या भोर समितीनं ही पायरी काढून सगळ्यांना एकच पदवी असावी असं सुचवलं. खेड्यांत मग कोण जाणार, म्हणून काही सदस्यांनी विरोध नोंदवला होता. त्यांचं ऐकायला हवं होतं, असं मला वाटतं.

मलेरियावाल्यांची तारीख. दाराशेजारच्या भिंतीवर, दर पंधरवड्याला. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब.

सुईण आणि तिची सरकारी पेटी: ब्लेड, दोरा, साबण. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली हे चांगलंच झालं. पण कळा सुरू झाल्यापासून गाडी येईपर्यंत बाईजवळ बसणारं माणूस त्या बदलात हरवलं. आशाताई धावतात, त्यांच्या डोक्यावर नोंदींचं ओझंही आहे.

उपकेंद्रातल्या सिस्टर. नियमानं पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजारांमागे. कंदिलाच्या उजेडात तिथं एकटीनं राहिलेल्या बायकांची एक पिढी निवृत्त झाली. त्यांच्या दाराला धड कडीही नसायची. त्यांच्या मुली तिथं राहायला तयार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

हातगुण. तो यायला वर्षं लागतात. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाचं बंधपत्र असतं, मोडलं तर दहा लाख रुपये. त्या वर्षात नवे डॉक्टर वाड्या-पाडे ओळखू लागतात, चार शब्द कोरकू किंवा माडिया बोलू लागतात, आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासासाठी निघून जातात. पुढच्या वर्षी दुसरे येतात. कधी येतही नाहीत.

जे राहिले त्यांची नावं महाराष्ट्राला पाठ आहेत. जामखेडला आरोळे, हेमलकशाला आमटे, गडचिरोलीत बंग, बैरागडला कोल्हे. त्यांच्या त्यागाबद्दल आपण पुष्कळ बोललो. ही सगळी जोडपी होती, नवरा-बायको दोघंही डॉक्टर, याकडे मात्र फारसं पाहिलं नाही. रात्री अडलेली केस आली तर सल्ल्याला घरात दुसरं माणूस होतं, आणि केस हातची गेली तर जेवायला बसवणारंही.

आपण मात्र पंचविशीतल्या मुलीला एकटीला पाठवतो. नेमणुकीच्या अर्जावर जोडीदाराचा रकाना असावा आणि दोघांना एकाच तालुक्यात जागा मिळावी. जोडीदार शिक्षक असो, कृषी सहायक असो, चालेल. धारणी, अक्कलकुवा, भामरागड, जव्हार इथून लगेच सुरुवात करता येईल.