ओल्या पावलांचं घर

धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि घर नीट करून घ्यायचं निघालं. रंग आणि खिडक्यांवर कुणाचं दुमत नव्हतं. वाद झाला तो फरशीवरून.

आमचं घर पिंपळगाव रेणुकाईत. मिरचीच्या बाजारामुळे आमचं गाव दूरवर ओळखलं जातं. हंगामात घरातली माणसं बाजारातून धुळीच्या पायांनी येतात आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उंबरठा ओलांडून आत येतो. घरात सासऱ्यांनी बसवून घेतलेली शहाबादी फरशी होती. काही ठिकाणी खचलेली, सांधे उघडे पडलेली.

दीर पुण्यात नोकरीला. त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लाकडासारखी दिसणारी लॅमिनेटची जमीन आहे. तो म्हणाला, "भाभी, दोन दिवसांत काम होतं. सिमेंट नाही, फोडाफोड नाही. थंडीत पायाला गारठाही लागत नाही." त्यात खोटं काही नव्हतं. जमीन सपाट असेल तर जुन्या फरशीवरच फोमचा पातळ थर अंथरून पट्ट्या एकमेकींत अडकवतात. नवी नवरी येणार, घर छान दिसावं, ही त्याची हौसही रास्त होती.

मला काळजी होती ती अम्मींची, म्हणजे सासूबाईंची. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या घरी वुजू करून येताना चकचकीत टाइल्सवर त्या घसरल्या आणि मनगट मोडलं. तेव्हापासून ओल्या पायांनी चालताना त्या भिंतीला हात लावूनच चालतात.

दिराने लॅमिनेटचे दोन नमुने आणले होते. त्यातला एक मी इशानंतर पाण्याच्या बादलीत टाकला आणि फजरला बाहेर काढला. कडा फुगून आल्या होत्या. लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या भुशाचे तंतू दाबून केलेला असतो. त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्याच्यावर टणक पारदर्शक थर. वरून सांडलेलं पाणी लगेच पुसलं तर काही होत नाही; सांध्यातून आत मुरलं की पट्टी फुगते आणि पुन्हा बसत नाही.

दीर हसला. "भाभी, आपल्या घरात काय तळं आहे?"

मी बोटांवर मोजलं. पाच वेळा वुजू करून ओल्या पावलांनी जानमाजपर्यंत जाणारी माणसं. दस्तरख्वानावर रोज एक तरी ग्लास लवंडवणारी मुलं. दोन वेळा बादलीतला ओला पोछा. ईदला येणारे पाहुणे तर वेगळेच. तो गप्प बसला.

मग आम्ही बाकीच्या फरशा पाहिल्या. कोटा मजबूत आणि उन्हाळ्यात गार. पण तोही शहाबादीसारखा चुनखडीचा दगड, लिंबू किंवा अ‍ॅसिड पडलं की डाग राहतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, डागही धरत नाही. मात्र चकचकीत घेतली तर ओल्या पायांना धोका, म्हणून मॅट घ्यावी. अम्मींचं म्हणणं एकच होतं : "शहाबादी टाकू नका. तुमच्या अब्बांनी एकेक फरशी निवडून आणली होती." शहाबाद आज कर्नाटकात आहे, पण निजामाच्या काळात ते आणि आपला मराठवाडा एकाच राज्यात होते. हा दगड आपल्याकडच्या कितीतरी घरांत अजून आहे.

शेवटी एकच फरशी घरभर घालायचा हट्ट आम्ही सोडला. शहाबादी काढून, चांगल्या फरशा निवडून ओसरीत पुन्हा बसवल्या. त्यात नव्या दगडाचा खर्च वाचला आणि इस्राफही टळला. मोरीपासून नमाजच्या जागेपर्यंत आणि स्वयंपाकघरात बिनपॉलिशचा खरखरीत कोटा. मधल्या खोलीत मॅट टाइल. आणि माडीवरच्या दिराच्या खोलीत लॅमिनेट. तिथे मोरी नाही, बाहेरचे पाय येत नाहीत. आधी गच्चीची गळती बंद केली, भिंतींची वाळवी तपासली आणि पट्ट्यांना फुगायला भिंतीलगत जागा सोडली. ती खोली खरोखर सुंदर दिसते. मी दिराला तसं सांगितलंही.

दुकानात फरशी कोरडी असते आणि तिच्यावर दिवे लावलेले असतात. बहिणींनो, निवडण्याआधी नमुना घरी आणा, त्यावर पाणी ओता, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला हात धरून त्यावर उभं करा.

थंडीत कोट्यावर फार गार लागतं, अशी अम्मींची तक्रार आहे. ती खरीच आहे. मी जानमाजखाली जाड सतरंजी घालते. पण मोरीतून तिथपर्यंत येताना आता त्यांचा हात भिंतीवर नसतो.