चॅप्लिन आणि आपले यंत्रमाग

रात्री पुन्हा ‘मॉडर्न टाइम्स’ लावला. चॅप्लिन सरकत्या पट्ट्यावरचे नट आवळत सुटतो. पट्टा सोडून बाहेर पडला तरी त्याचे हात थांबत नाहीत. सिनेमा १९३६ चा. बोलपट येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी लंडनच्या गरिबीत वाढलेल्या या माणसाने आपल्या भटक्याला संवाद दिले नाहीत. हट्टीच!

धुळ्यात यंत्रमागाच्या गल्लीत उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. तिथल्या कामगाराला मूकपट समजावून सांगायची काय गरज?

धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवर मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. ट्रॉली म्हणून सायकल! पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्याचा नायक शफिक यंत्रमाग कामगार, अंगाने नुसती काडी. त्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला; रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२४ मध्ये टोरंटोत झळकला. मला मात्र माहितीपटच जास्त आवडतो.

आता जळगाव-धुळ्यात मोबाइलवर अहिराणी विनोदी व्हिडिओंचा पूर आहे. बरेचसे मी अर्ध्यात बंद करतो. चॅप्लिन एकेक प्रसंग मनासारखा होईस्तोवर पुन्हा पुन्हा चित्रित करायचा. आमच्या पोरांना संध्याकाळपर्यंत अपलोड करायची घाई.