बीमला पडलेलं भोक

यंदा घरी एसी बसवला. ४५ डिग्रीतही कूलरवर भागवणारे आम्ही विदर्भातले लोक, पण जूनच्या दमट हवेत कूलर निकामी होतो आणि आईचा जीव घाबरायला लागला. मग हप्त्यावर दीड टनाचा घेतला. खोली दिवाळीतच रंगवलेली, वर पीओपीचं सीलिंग. बायकोची अट एकच, पाइप दिसता कामा नये.

स्प्लिट एसीच्या आतल्या युनिटकडून बाहेरच्या युनिटकडे तांब्याच्या दोन नळ्या जातात, एक बारीक, एक जाड, दोघींवर फोमचं वेष्टण. सोबत वायर आणि पाण्याचा ड्रेन पाइप. सगळं मिळून मनगटापेक्षा जाड होतं. तयार खोलीत ते लपवायचं तर भिंतीला झिरी मारा, नाहीतर सीलिंगच्या वरून न्या. झिरीत जोड राहिला आणि नायट्रोजन भरून प्रेशर न तपासताच प्लास्टर केलं, तर गळती शोधायला पुन्हा भिंत फोडायची. वरून नेलं तर ड्रेनला उतार मिळणं कठीण, मग पाणी पीओपीवर. हे सगळं मला आता कळतंय. तेव्हा मी फिटिंगवाल्या पोराला एवढंच म्हणालो, "दिसायला नको."

"सीलिंगच्या वरून नेतो भाऊ, बीममधून आरपार काढतो. सगळे असंच करतात."

मी हो म्हणालो. हे लिहायला लाज वाटते, पण म्हणालो. पोराला दोष देत नाही. सीझनमध्ये त्याला नगावर पैसे मिळतात, थांबून विचार करायचे कोणी देत नाही.

त्यानं पीओपी कापून मशीन लावली. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरचे काका धापा टाकत वर आले. बांधकाम खात्यातून रिटायर झालेले.

"बीमला कोणाला विचारून हात लावला?"

"मीच सांगितलं, काका."

"तू? घाटकोपरवर अर्धं पान लिहिलं होतंस ना रे?"

लिहिलं होतं. २५ जुलै २०१७, निवासी इमारत कोसळली, १७ जीव गेले. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. काकाच म्हणाले, एसीच्या भोकाची त्याच्याशी बरोबरी नाही. पण बीममध्ये सळई कुठे, ताण कुठे, हे ड्रॉइंग बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ड्रॉइंग कोणाकडेच नाही. टॉर्च मारला. चार इंच आत सळई चमकत होती, वरून खरवडलेली. कापली गेली नव्हती. काका म्हणाले, स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखव, मग नॉन-श्रिंक ग्राउटनं भरून घे. आधी बुजवू नकोस.

एसी शेवटी गॅलरीकडच्या भिंतीवर गेला. बीमच्या खाली, विटांच्या भागात, बाहेरच्या बाजूला उतार देऊन एक भोक. आतून पाइप दिसतच नाही, कारण आत पाइपच नाही. फक्त आईची खाट हलवावी लागली. एवढं सोपं होतं.

पण "सगळे असंच करतात" हे डोक्यातून जाईना. संध्याकाळी इमारतीच्या मागे जाऊन वर बघितलं. पाइप कुठून बाहेर येतात ते खालून मोजता येतं. पाच ठिकाणी बीमच्या रेषेतूनच. आत सगळ्यांकडे पीओपी, रंग, झुंबर. मुंबईसारख्या शहरात ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. आमची १४ वर्षांची, कोण विचारतो?

मीटिंगमध्ये विषय काढला. एक जण म्हणाले, "दिसत नाही ना, मग कशाला उकरता? फ्लॅटची किंमत पडेल." दुसरे म्हणाले, पत्रकारांना घरातही बातमी लागते. इंजिनीअरच्या फीवर वर्गणीचा प्रश्न आला आणि विषय पुढच्या रविवारवर गेला.

इंजिनीअरला मी माझ्या खर्चानं बोलावलंय, गुरुवारी येतो म्हणाला. कापलेलं पीओपी अजून तसंच उघडं ठेवलंय. बायको बोलत नाही, धूळ पडते म्हणून. ज्यांना बघायचंय त्यांनी यावं, स्टुलावर चढलं की सळई दिसते.