कानाचे माप

मुंबईच्या उपनगरांत पैसे मोजले की बहुतेक सगळे मिळते. घाटकोपरला खाऊगल्ली आहे, अंधेरीला मेट्रो आहे, बोरिवलीला तर चक्क जंगल आहे आणि आमच्या मुलुंडला, नाटकाची हौस फिटावी म्हणून, कालिदास नाट्यमंदिर आहे. मिळत नाही ती एकच गोष्ट : शांतता. 2000 साली सरकारने आवाजाचे नियम केले. त्यांत वस्तीच्या भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेलची मर्यादा घालून दिली आहे. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा समोरच्या इमारतीचे पाडकाम चालू होते, वरच्या मजल्यावर मिक्सर फिरत होता आणि खाली रिक्षावाल्याचे व गिऱ्हाइकाचे भाड्यावरून एकमत होत नव्हते. त्या गलबल्यात तो नियम मला एखाद्या ऋषीने आश्रमात बसून लिहिल्यासारखा वाटला.

अशा ठिकाणी ज्याला गाणे ऐकायचे आहे त्याला दोनच मार्ग. गाणे मोठ्याने लावून गलबल्यात आपलीही भर घालावी, किंवा कानांवर हेडफोन चढवावा. हे यंत्र मुळात घरगुतीच आहे. नथॅनिएल बाल्डविन या अमेरिकन गृहस्थाने 1910 च्या सुमारास ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुळवून अमेरिकन नौदलाकडे पाठवले, म्हणतात. पुढे बरीच वर्षे ते बिनतारी संदेशवाल्यांच्या डोक्यावर राहिले. 1958 साली जॉन कॉस याने ते संगीत ऐकणाऱ्यांसाठी बाजारात आणले, आणि 1979 साली सोनीच्या वॉकमनने त्याला रस्त्यावर काढले. आज आमच्या लोकलच्या डब्यात ज्याच्या कानात काही नाही असा माणूस शोधावा लागतो.

या विषयातला मी काही तज्ज्ञ नव्हे. पण ऐकण्याचे वेड जुने, आणि घरात तीन हेडफोन व एक छोटा ॲम्प्लिफायर आहे एवढ्या भांडवलावर सोसायटीत मला अधिकारी समजतात. रविवारी सकाळी कोणी तरी येतो, चहा घेतो आणि विचारतो, “कोणता घेऊ?” जणू काय घ्यायचे ते ठरलेलेच आहे आणि मी फक्त नाव सांगायचे! चपला घेताना आपण दुकानदाराला “सगळ्यांत चांगली चप्पल कोणती?” असे विचारत नाही, पाय पुढे करतो. पण कानाची वस्तू घेताना मात्र लोक दुसऱ्याच कोणाचा तरी कान पुढे करतात. म्हणून मी उत्तर न देता उलट विचारतो : काय ऐकता? कुठे ऐकता? शेजारी कोण असते? पैशांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवतो. कारण पहिल्या तिहींची उत्तरे खरी मिळाली तर चौथा पुष्कळदा आपोआप लहान होतो.

माझा एक भाचा बोरिवलीला राहतो. रोज चर्चगेटला जातो. जाताना 34 किलोमीटर, येताना तेवढेच. त्याने परदेशातल्या कुणा परीक्षकाचे ऐकून 300 ओहमचा, पाठीमागून उघडा असा मोठा हेडफोन घ्यायचे ठरवले होते. “मामा, त्यात गायक समोर बसल्यासारखा वाटतो,” तो म्हणाला. ते खरेच आहे. उघड्या हेडफोनच्या वाट्यांना मागे जाळी असते. आवाज कोंडत नाही, मोकळा वाटतो. पण ज्या जाळीतून गाणे बाहेर जाते तिच्यातूनच जग आत येते. विरार लोकलमध्ये तो चढवला तर गायकाबरोबर सारा डबाच समोर येऊन बसणार, आणि शेजारच्या प्रवाशाला फुकटात मैफल!

त्याला मी कानात बसणारे, रबरी बोंडांचे, वायरचे इअरफोन घ्यायला लावले. दीड-दोन हजारांत हल्ली फार सुरेख मिळतात. बोंडांचे तीन-चार आकार डबीत येतात. त्यांतला आपल्या कानाला नेमका बसणारा शोधणे हे अर्धे काम. बोंड सैल बसले की खालचे स्वर गळून जातात आणि माणूस वस्तूला नावे ठेवतो. 2016 साली आयफोनने वायरचे भोक बुजवले व पुढे बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला, त्यामुळे बोटाएवढा एक जोड मध्ये लावावा लागतो. त्या जोडात एक इवलासा ॲम्प्लिफायर असतोच. कानातल्या बोंडांना तेवढा पुरतो.

बाहेरचा आवाज पुसून टाकणारे हेडफोनही आहेत. त्यांच्यामागे एका बंगाली बापाच्या मुलाचे डोके आहे. अमर बोस 1978 साली विमानाने प्रवास करत होते. इंजिनाच्या घरघरीपुढे कानातले गाणे धड ऐकू येईना, तेव्हा त्याच प्रवासात त्यांनी गणिते मांडायला घेतली. बाहेरचा आवाज बारीक मायक्रोफोनने टिपायचा आणि त्याच्या नेमकी उलटी लहर कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात. ही युक्ती एकसुरी, खालच्या घरघरीवर उत्तम चालते. 2017 च्या नाताळात बोरिवलीहून पहिली वातानुकूलित लोकल सुटली. तसल्या बंद डब्यात ती शोभते. साध्या लोकलच्या उघड्या दारात वारा, रुळांचा खडखडाट आणि “पुढे चला, पुढे चला” यांपुढे ती निम्मी हरते.

यात चैनीपेक्षा मोठा प्रश्न आहे. बाहेर गोंगाट असला की आपण गाणे त्याच्यावर चढवतो, आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाच्या कानांसाठी आठवड्याला 80 डेसिबेलचे 40 तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज 90 वर नेला की ती 4 तासांवर येते. भाच्याचे आठवड्याचे दहा-बारा तास गाडीतच जातात. म्हणजे आवाज बाहेर अडवणारी साधी बोंडे त्याचे पैसे तर वाचवतातच, पण कानही वाचवतात. फलाटावर मात्र ती खिशात ठेवायची, ही अट मी घातली. गाडीची शिट्टी ही काही पुसून टाकायची गोष्ट नव्हे.

घाटकोपरच्या आमच्या वहिनींचे प्रकरण अगदी उलट. त्यांचा दिवस घरच्यांचा. रात्री साडेदहानंतरचा एक तास त्यांचा. तेव्हा त्या नाट्यसंगीत ऐकतात. भाऊ शेजारी झोपलेला, आतल्या खोलीत सासूबाई. त्यांना खरा उपयोगी तो उघडा हेडफोन. रात्री गोंगाट कमी असतो आणि सासूबाईंची हाकही त्यातून ऐकू येते. वहिनींना चष्मा आहे, तेव्हा काड्यांवर न दाबणारा, हलका हवा. आणि गाद्या कापडी हव्यात. नकली चामड्याच्या गाद्या मुंबईच्या दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडू लागतात आणि सकाळी कानशिलांवर काळे कण दिसतात.

“आणि ॲम्प्लिफायर कोणता घेऊ, भाऊजी?” त्यांनी विचारले.

“कोणताच नको.”

त्यांचा चेहरा थोडा उतरला. गोल, चकचकीत बटणाचा एक डबा त्यांच्या मनात भरला होता. त्यांना मी आपल्या सोसायटीच्या पाण्याचे उदाहरण दिले. ओहमचा आकडा म्हणजे वाटेतला अडथळा. 32 ओहमचा हेडफोन हा तळमजल्यावरचा बिऱ्हाडकरू. नगरपालिकेच्या साध्या दाबानेही त्याची बादली भरते. 300 ओहमचा राहतो चौथ्या मजल्यावर. त्याला पंप लागतो. तो पंप म्हणजे ॲम्प्लिफायर. पंपाविना त्याच्याकडे पाणी अजिबात चढत नाही असे नव्हे. पण मैफलीचे हळू ध्वनिमुद्रण असले की बटण शेवटाला टेकते आणि तान वर जाताना दाब अपुरा पडतो. ओहमबरोबर संवेदनक्षमतेचा आकडाही पाहावा : एवढ्याशा विजेत किती डेसिबेल आवाज निघतो, तो. काही हेडफोनांचे ओहम कमी, पण भूक मोठी असते. आणि तळमजल्यावरच्या नळाला मोठा पंप लावला तर पाणी जास्त येत नाही, घरघर मात्र ऐकू येते; नाजूक इअरफोनला दांडगा ॲम्प्लिफायर जोडला की शांत जागी नेमकी अशीच सूं ऐकू येते. वहिनींनी घेतलेल्या 32 ओहमच्या हेडफोनला त्यांच्या लॅपटॉपचे भोकच पुरले. वाचलेल्या पैशांत दोन नाटकांची तिकिटे आली.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ग्रँट रोडला उतरून खरेदीला जाणाऱ्यांना मी एवढेच सांगतो : दुकानदार लावील ते गाणे ऐकू नका. ते त्याने वस्तू विकण्यासाठी निवडलेले असते. शंभर वेळा ऐकलेले आपले गाणे बरोबर न्या. हळू लावा. वीस मिनिटे डोक्यावर राहू द्या; पहिल्या दोन मिनिटांत भपका कळतो, भार नंतर कळतो. आणि शंभर रुपये असतील तर ऐंशी कानावरच्या वस्तूला द्या, कारण आवाजाचा खरा फरक तिथेच पडतो. मोठ्या स्पीकरच्या ॲम्प्लिफायरवरचे वॉटचे आकडे पाहून तर मुळीच भुलू नका. 50 वॉटचे 100 केले की आवाज 3 डेसिबेलच वाढतो. कानाला तो जेमतेम जाणवतो.

हे सारे शहाणपण मी इतरांना वाटत असताना माझ्याच घरात मात्र एक अवघड गिऱ्हाईक होते. माझे वडील 1943 सालचे. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा ते बारा वर्षांचे, पुण्यात होते. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ते गीत आठवड्याला एक, असे वर्षभर, छपन्न गाणी चालले. वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडात. त्या दिवशी त्या ओसरीवर सारा वाडा बसायचा. बाबांच्या लेखी गाणे ऐकणे म्हणजे ती ओसरी.

गेल्या काही वर्षांत ते गाणे फार मोठ्याने लावू लागले. वय झाले की कानातले वरचे स्वर आधी जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे त्या वरच्या स्वरांत राहतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला ऐकू येते, पण कळत नाही. बाबा एकदा म्हणाले, “तबला येतो रे, पण तंबोऱ्याची जवारी गेली.” एवढेच बोलले आणि पेपर वाचू लागले. मला मात्र त्या दिवशी दुसरे काही सुचले नाही. शेजाऱ्यांकडून दोनदा निरोप आला, आई चिडू लागली आणि बाबा हळूहळू गाणे लावेनासेच झाले. कानांची तपासणी केली, कर्णयंत्र आले. ते बोलण्याला बरे, गाण्याला त्यांना नकोसे वाटे. मग मी माझा सर्वांत चांगला हेडफोन, ॲम्प्लिफायरसकट, त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी एक गाणे संपूर्ण ऐकले. हेडफोन काढून नीट घडी केल्यासारखा ठेवला. “आवाज उत्तम आहे,” ते म्हणाले. “पण हा घातला की घरात मी एकटाच उरतो.”

आता याला कोणता ओहमचा हिशेब लागू करायचा? मी त्यांना माझेच तीन प्रश्न लावून पाहिले. काय ऐकता, कुठे ऐकता, शेजारी कोण असते? तिसऱ्यातच उत्तर होते. आमचे स्पीकर समोरच्या भिंतीला, बाबांच्या खुर्चीपासून तीन मीटरवर. उघड्या जागी अंतर निम्मे झाले की आवाज 6 डेसिबेलने वाढतो, म्हणजे चौपट ताकदीच्या ॲम्प्लिफायरचे काम फुकटात होते. खोलीत भिंतींमुळे फायदा थोडा कमी. पण भिंतींवरून घुमून येणारा आवाज मागे पडतो आणि शब्द सुटे ऐकू येतात, हा दुसरा लाभ. एक स्टूल आणले, वायर वाढवली आणि दोन्ही स्पीकर त्यांच्या खुर्चीच्या दोन बाजूंना, हातभर अंतरावर मांडले. खर्च एकशेचाळीस रुपये, वायरचा.

बटण आता पूर्वीच्या निम्म्यावरही जात नाही. शेजाऱ्यांचा निरोप येत नाही. मात्र इतरांना दुरून नीट ऐकू येत नाही, म्हणून आई आपली खुर्ची त्यांच्याजवळ सरकवते, आणि माझी मुलगी अभ्यासाचे पुस्तक घेऊन पायाशी बसते. तंबोऱ्याची जवारी काही परत आली नाही. कोणताही ॲम्प्लिफायर असलेल्याचेच वाढवतो, गेलेले आणून देत नाही. ओसरी मात्र परत आली.

तेव्हापासून कोणी अंदाजपत्रक काढू लागला की मी त्याला रुपयांबरोबर तासही मांडायला सांगतो. दिवसातले किती तास आपण खरोखर ऐकतो, आणि अंगात आहेत ते कान अजून किती वर्षे असेच राहणार? पैसे पुढच्या महिन्यात पुन्हा येतात. वरचे स्वर एकदा गेले की येत नाहीत. तेवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे माप अवघड नाही.