जाड पिन, बारीक पिन

फोन बहुधा तोंडाकडून मरतो. स्क्रीन शाबूत असते, आवाज खणखणीत असतो, बॅटरीही अख्खा दिवस तग धरते. फक्त चार्जरची पिन जिथे जाते ती खाच सैल होते. मग वायर ठरावीक कोनात मुडपून धरायची, तिला रबर बांधायचं, खाली वह्यांची चवड लावायची असे उद्योग सुरू होतात. शेवटी घरातलं कुणीतरी म्हणतं, "कशाला जीव जाळतेस? नवीन घे." एवढ्याशा खाचेपायी धडधाकट वस्तू मोडीत काढणं मला कधीच पटलं नाही.

माझा पहिला फोन नोकियाचा होता, जाड पिनेचा. ते भारनियमनाचे दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात दळण कधी, मोटर कधी, हे वीज ठरवायची आणि फोन कधी चार्ज होणार हेही तीच. एसटी स्टँडजवळच्या पानपट्टीत इन्व्हर्टर होता. तिथे फोन ठेवायला गेलं की पहिला प्रश्न यायचा, "जाड का बारीक?" नोकियाने साडेतीन मिलिमीटरची पिन सोडून दोन मिलिमीटरची आणली होती आणि एकाच घरात दोन्ही नांदत होत्या. मामाचा चार्जर आमच्या उपयोगाचा नाही, आमचा त्याच्या नाही. पण पिन बिघडली तरी त्या काळी कुणी घाबरत नसे. मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची आणि चिमट्याच्या चार्जरमध्ये अडकवून तो सॉकेटला लावायचा. लाल-हिरवे दिवे लुकलुकत बॅटरी भरायची. आज वाटतं, त्या फोनांचं खरं मोठेपण इथेच होतं: वीज आत जायला दोन वाटा होत्या.

पुढे २००९ मध्ये युरोपात मोठ्या कंपन्यांनी मायक्रो-यूएसबी ही सामाईक पिन मान्य केली आणि काही वर्षांत आपल्याकडेही घरोघरी तीच दिसू लागली. जाड-बारीकचा तंटा मिटला, याचं मला मनापासून कौतुक आहे. मात्र त्याच सुमारास फोनची पाठ बंद होत गेली. बॅटरी आत चिकटली, चिमट्याचा चार्जर अडगळीत गेला आणि खालची चिंचोळी खाच ही एकच वाट उरली. मायक्रो-यूएसबीची जोडणी दहा हजार वेळा घालण्या-काढण्याला टिकावी असं मानक सांगतं. पण मानकातली पिन सरळ जाते. घरातली अंधारात, घाईत, कधी उलटी जाते आणि आतली नाजूक जीभ वाकते.

आईच्या बोटांत संधिवात आहे. तिला खाच दिसत नाही, चाचपून पिन घालावी लागते. तिचा फोन जुना, प्लास्टिकच्या पाठीचा. त्यात हिरवं बटण कुठे, मावशीचा नंबर कितवा, हे तिच्या बोटांना पाठ आहे. तो बदलणं म्हणजे तिचं सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत मी तो दुरुस्तीला नेला. दुकानदाराने चार्जिंग जॅक बदलला आणि म्हणाला, "ताई, जॅक नवा आहे, पण मावशींचा हात तोच आहे. हा पुन्हा सैल होणार." मग त्याने ड्रॉवरमधून एक पट्टी काढली. पत्त्याच्या पानाइतकी पातळ, आत तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं, आणि फितीच्या टोकाला इवलीशी पिन. वायरलेस चार्जिंगचा रिसिव्हर. काही फोनांत खाचेची रुंद बाजू वर असते, काहींत खाली; त्यानुसार पट्टीही दोन तऱ्हांची मिळते. चुकीची घेतली तर वेटोळ्याचं तोंड बाहेर येण्याऐवजी फोनकडे होतं. आईच्या फोनला बसणारी त्याने निवडली, पिन खोचली, फीत मागे वळवली, पट्टी पाठीवर चिकटवली आणि वरून कव्हर चढवलं. ती पिन आता तिथेच राहणार. घालणं-काढणंच नाही, तेव्हा जॅकची झीजही नाही.

वायरीविना वीज पोचते ती एका जुन्याच तत्त्वाने. शास्त्रज्ञ फॅरेडेने १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एकात वीज सोडली किंवा तोडली, की त्या क्षणापुरता दुसऱ्यात प्रवाह उमटे. बदल होत राहिला तरच पलीकडे काही पोचतं. शाळेत चुंबक वेटोळ्यात घालून काढताना गॅल्व्हानोमीटरची सुई हलते, ती त्याचमुळे. फोन ज्यावर ठेवायचा त्या टेबलावरच्या चार्जिंग चकतीतला प्रवाह सेकंदाला लाखाहून जास्त वेळा उलटसुलट होतो, म्हणून फोनमधलं वेटोळं सतत जागं राहतं. पट्टीत एक काळपट फेराइटचा थरही असतो. तो चुंबकीय क्षेत्र आतल्या बॅटरीत शिरू देत नाही, नाहीतर तिचं धातूचं वेष्टण तापलं असतं. धातूच्या पाठीच्या फोनवर ही पट्टी का चालत नाही, याचं उत्तरही हेच: क्षेत्र त्या पत्र्यातच प्रवाह फिरवतं, वीज तिथेच उष्णता होऊन संपते.

या सोयीची किंमत आहे. वायरलेस चार्जिंगच्या २०१० च्या 'ची' (Qi) मानकात पाच वॉटची मर्यादा होती आणि अशा पट्ट्या साधारण त्याच्या आतच चालतात. चार्जिंग सावकाश होतं, वायरीपेक्षा वीज जास्त जाते, पाठ कोमट होते. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, म्हणून जाड कव्हर मी काढून टाकलं आणि चकती खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवली. तरीही हा सौदा मला योग्य वाटतो. स्मार्टफोनमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो बनतानाच पडून गेलेला असतो. बनलेला फोन जितका जास्त चालेल तितकं बरं.

खरं तर ही पट्टी बाहेरून चिकटवायची वेळच येऊ नये. सॅमसंगच्या २०१३ च्या गॅलेक्सी एस-फोरमध्ये मागच्या झाकणाखाली वायरलेस चार्जिंगसाठी वेगळे सोनेरी ठिपके होते. हवं त्याने नंतर वेगळं झाकण घ्यावं, खालची खाच मोकळीच. पुढे काय लागेल याची जागा आधीच राखून ठेवणं ही मला वस्तू बनवणाऱ्याची सभ्यता वाटते. ती प्रत्येक स्वस्त फोनलाही मिळायला हवी होती. ज्यांची बोटं थरथरतात, नजर अधू आहे, ते बहुधा घरातला उतरलेला फोनच वापरत असतात.

आईने आठवड्यात सगळं आपलंसं केलं. फोन चकतीच्या मधोमध नसला तर वीज घेत नाही, हे कळल्यावर तिने चकतीभोवती टेबलावर खडूने फोनची चौकट आखली. तक्रार एकच: "उचलला की चार्जिंग तुटतं गं. मग बोलायचं कसं?" त्यावरही तोडगा तिनेच काढला. फोन चकतीवरच राहतो, स्पीकर सुरू असतो आणि मावशीशी होणारं रोजचं बोलणं आता सगळं घर ऐकतं.