चकाकी उतरवताना

माकणीच्या धरणावर भर दुपारी उभं राहिलं, की तेरणा नदीचं पाणी डोळे दिपवतं. सूर्याकडे पाठ करून पाहिलं, तर तेच पाणी निळंसर, निवांत दिसतं. उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. आपण त्याच्या वाटेत उभे असतो, एवढंच. चष्म्याच्या काचेवर किंवा घामेजल्या कपाळावर फ्लॅश आदळतो, तेव्हाही हेच घडतं.

तेरणाकाठच्या या पट्ट्यात जुन्या फोटोचं मोल कुणाला सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपानं जमीन हादरली. गणपती बोळवून निजलेल्या माणसांवर दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या. माणसांसोबत घराघरांतले अल्बमही ढिगाऱ्यात गेले. अशा घराला पै-पाहुण्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये, मागच्या रांगेत, आई सापडते. तेवढाच तिचा चेहरा उरलेला. आणि नेमका चष्म्यावर पांढरा डाग.

तो डाग संगणकावर मोठा करून बघावा. कडेला उजेडाच्या पातळ पडद्याआड पापणी अजून असते; उजळपणा उतरवून कॉन्ट्रास्ट वाढवला, की ती हळूहळू वर येते. मधोमध मात्र लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे 255 ला टेकलेले असतात. तिथं डोळ्याची काही नोंदच उरलेली नसते. कितीही गडद करा, राखाडी ठिगळच दिसणार. मग उसनवारी करावी लागते. त्याच लग्नातला दुसरा फोटो मिळाला तर त्यातला डोळा घ्यावा. नाहीतर चेहऱ्यावरचाच दुसरा डोळा उलटवून वेगळ्या लेयरवर बसवावा. बुबुळातला बारीक पांढरा ठिपका तेवढा राखावा; तो पुसला, की नजर विझते. कपाळावरची तकाकीही पुरती पुसू नये. दुरुस्तीच्या लेयरची ओपॅसिटी कमी ठेवली, म्हणजे कातडीचा पोत टिकतो.

हात थांबवायचा तो इथंच. एकदा ब्रश हातात आला, की सुरकुत्या जातात, उन्हात रापलेला रंग गोरा होतो, गोंदण पुसलं जातं. आपोआप चेहरा ‘सुधारणारी’ ॲप तर भलत्याच बाईचे डोळे बसवून देतात. मला हा त्या माणसावरचा अन्याय वाटतो. फ्लॅशनं जे वर टाकलं, तेवढंच काढावं. उन्हानं, कष्टानं आणि वयानं दिलेलं तसंच राहू द्यावं.

घरातल्या फ्रेमचा फोटो मोबाइलवर घ्यायचा असेल, तर फ्लॅश बंद करा, फ्रेम ओसरीच्या सावलीत आणा, जमलं तर काच काढा. मूळ फोटो कधीही टाकू नका. आणि दुरुस्त केलेल्या फोटोची प्रिंट काढण्याआधी, तो चेहरा डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याला दाखवा. त्यांनी ओळखलं, तरच काम झालं असं समजा.